धागा: विंडोज सुरू होताच ब्राउझर बॅकग्राउंडला चढतो, तो आपल्या ताब्यात कसा ठेवायचा?

जोडभावी_पेठ
सोमवार, सकाळी १०:०५

मंडळी नमस्कार.

सोलापुरात ई-सेवा केंद्रं, टायपिंग क्लास, कर सल्लागारांची ऑफिसं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे काउंटर, अशा ठिकाणी अजून ४ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कची मशीनं चालू आहेत. त्यांच्याबद्दल हमखास येणारी तक्रार अशी: मशीन चालू केलं, एकही ब्राउझर उघडला नाही, तरी टास्क मॅनेजरमध्ये मायक्रोसॉफ्ट एजच्या बऱ्याच प्रोसेस दिसतात आणि टॅली उघडायला वेळ लागतो. लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारून घेतात. फॉरमॅटनंतरही एज तसाच वागतो, कारण हा बिघाड नाही. ही मुद्दाम दिलेली सोय आहे, तिचं नाव स्टार्टअप बूस्ट. २०२१ साली ती एजमध्ये आली.

काम सोपं आहे. तुम्ही लॉगिन केलं की एजच्या मूळ प्रोसेस खिडकी न उघडता सुरू होऊन बसतात. चिन्हावर क्लिक केलं की फक्त खिडकी काढायची राहते, म्हणून एज पटकन उघडतो. शेवटची खिडकी बंद केली की त्या प्रोसेस पुन्हा मागे जाऊन बसतात.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हा बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) आधीच चढवून ठेवलेला माग आहे. ऑर्डर आली की कापड लगेच सुरू होतं, पण तोवर त्या मागावर दुसरा माल घेता येत नाही. रॅमचं तेच होतं.

बंद करायचं असेल तर: एज उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, त्यात सिस्टीम अँड परफॉर्मन्स. तिथं स्टार्टअप बूस्टचं बटण आहे, ते बंद करा. त्याच पानावर दुसरं बटण असतं: एज बंद केल्यावरही बॅकग्राउंडची एक्स्टेंशन आणि अॅप चालू ठेवा, अशा अर्थाचं. ते वेगळं आहे, त्याला बॅकग्राउंड मोड म्हणतात, तेही बघून घ्या. आवृत्तीप्रमाणे पानाची मांडणी बदलते, तेव्हा सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'स्टार्टअप' असं इंग्रजीत टाकलं की थेट सापडतं.

क्रोम, फायरफॉक्स आणि पॉलिसी (म्हणजे मशीनच्या मालकाने सक्तीने लावलेलं सेटिंग) याबद्दल जाणकारांनी भर घालावी.

टेरी_टॉवेल
सोमवार, सकाळी १०:४०

अण्णा, एवढं सेटिंगमध्ये शिरण्यापेक्षा टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये एजवर राइट क्लिक करून डिसेबल केलं की झालं की. तेवढं पुरत नाही का?

सात_रस्ता
सोमवार, सकाळी ११:१५

@टेरी_टॉवेल, निम्मंच काम होतं, मालक.

स्टार्टअप टॅब फक्त लॉगिनच्या वेळी काय सुरू होतं तेवढंच बघतो. तिथं डिसेबल केलं तर सकाळी एज आपणहून चढणार नाही, हे खरं. पण दिवसभरात एकदा जरी कुणी एज उघडून बंद केला, तरी स्टार्टअप बूस्ट चालू असल्यामुळे प्रोसेस परत मागे जाऊन बसतात. मग दुपारी बघणारा म्हणतो, "डिसेबल केलं होतं, तरी कसा आला?" म्हणून बंद करायचं ते एजच्या सेटिंगमधून किंवा पॉलिसीतून.

खात्री करायची पद्धत: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिटेल्स टॅबवर जा. वरच्या कॉलमच्या नावांवर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, त्यात कमांड लाइनवर टिक. आता एजच्या ओळींपुढे पूर्ण आज्ञा दिसते. मुख्य प्रोसेसच्या आज्ञेत 'नो-स्टार्टअप-विंडो' असे शब्द असतील तर ती खिडकीशिवाय सुरू झालेली प्रत आहे. त्यापुढे 'विन-सेशन-स्टार्ट' असेल तर ती लॉगिनच्या वेळी चढलेली आहे. या दोन शब्दांवरून निदान होतं, अंदाजाने काही बोलावं लागत नाही.

अशोक_चौक
सोमवार, दुपारी १२:०२

रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजची सेटिंग जिथं साठतात तिथून, कायमचं बंद करता येतं. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, मायक्रोसॉफ्टएज, मेन अशी की (फोल्डरसारखी जागा) बनवायची, त्यात 'अलाउप्रीलाँच' नावाची डी-वर्ड व्हॅल्यू आणि आकडा ०. शेजारी टॅबप्रीलोडर की बनवून त्यात 'अलाउटॅबप्रीलोडिंग' ०. बऱ्याच ठिकाणी हाच उपाय दिलेला आहे.

सात_रस्ता
सोमवार, दुपारी १२:३०

@अशोक_चौक सर, उपाय चुकीचा नाही, पण तो ज्या ब्राउझरसाठी होता तो आता उरलेला नाही. इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एज नावाचे दोन वेगळे ब्राउझर झाले. पहिला २०१५ साली विंडोज १० बरोबर आला, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या इंजिनावर चालणारा. तोही विंडोज सुरू होताना, मशीन रिकामं असताना आणि एज बंद केल्यावर आधीच चढून बसायचा. त्याला आवर घालणाऱ्या दोन पॉलिसी म्हणजे तुम्ही लिहिलेल्या प्रीलाँच आणि टॅब प्रीलोडिंग. दुसरा एज क्रोमियमवर (क्रोमचाही जो पाया आहे तो) बांधलेला, १५ जानेवारी २०२० रोजी आला. जुन्याचा सपोर्ट ९ मार्च २०२१ ला संपला आणि पुढच्या महिन्याच्या विंडोज अपडेटने तो काढून नवा बसवला.

नवा एज त्या जुन्या कीकडे बघतच नाही. म्हणून ० लिहा, १ लिहा, काहीच फरक पडत नाही, आणि माणूस म्हणतो रजिस्ट्री चालत नाही. फरक कीच्या नावात एका शब्दाचा आहे. जुन्याची की 'मायक्रोसॉफ्टएज', नव्याची नुसती 'एज'.

नव्या एजसाठी असं करा:

१. अॅडमिन खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट इथपर्यंत जा.
२. त्याखाली 'एज' की नसेल तर नवी बनवा.
३. त्यात ३२ बिटची डी-वर्ड व्हॅल्यू बनवा. नाव स्टार्टअप, बूस्ट, एनेबल्ड हे तीन इंग्रजी शब्द जोडून, मध्ये जागा नाही, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं. आकडा ०.
४. तशीच दुसरी व्हॅल्यू: बॅकग्राउंड, मोड, एनेबल्ड. आकडा ०.
५. एज पूर्ण बंद करून उघडा, किंवा अॅड्रेसबारमध्ये एज://रीस्टार्ट (इंग्रजी अक्षरांत) टाका.
६. मग एज://पॉलिसी उघडून बघा. दोन्ही नावं यादीत, आकडा 'फॉल्स' आणि स्टेटस 'ओके' दिसलं की काम झालं.

सहावी पायरी कधीच सोडू नका. नावात एक अक्षर चुकलं तर रजिस्ट्री काही बोलत नाही, ते पान मात्र 'अननोन पॉलिसी' असं स्पष्ट दाखवतं.

विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, तिथं हाच रजिस्ट्रीचा मार्ग. प्रो असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज फॉर बिझनेस पानावरून पॉलिसीचे साचे उतरवून विंडोजच्या पॉलिसी डेफिनिशन्स फोल्डरमध्ये टाका, भाषेची फाइल आतल्या 'ईएन-यूएस' फोल्डरमध्ये. मग अॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सखाली मायक्रोसॉफ्ट एज, त्यात परफॉर्मन्स, तिथं स्टार्टअप बूस्ट सापडेल.

अशोक_चौक
सोमवार, दुपारी १२:५१

समजलं. मग जुनी की ठेवली तर काही अपाय?

सात_रस्ता
सोमवार, दुपारी १२:५५

अपाय नाही, उपयोगही नाही. काढून टाका, म्हणजे पुढचा माणूस गोंधळणार नाही.

भुईकोट
सोमवार, सायंकाळी ६:२०

बंद कसं करायचं हे झालं. बंद करावं का, हे मशीन बघून ठरवावं असं माझं ठाम मत आहे. सगळीकडे सरसकट बंद करणाऱ्यांनी हे वाचावं.

आधी डिस्क कोणती ते बघा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स टॅब, डाव्या बाजूला डिस्कच्या नावाखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं.

मिनिटाला ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. ५४०० वाल्या लॅपटॉप डिस्कला ५.६. शिवाय डोकं त्या पट्ट्यावर सरकायला आणखी वेळ लागतो, तो वेगळाच. थोडक्यात, विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आतबाहेर तुकडे देते. ब्राउझर उघडताना असे हजारो तुकडे लागतात. म्हणूनच पहिल्यांदा उघडताना तो रखडतो आणि दुसऱ्यांदा पटकन येतो.

आता लॉगिन झाल्याची पहिली दोन-तीन मिनिटं डोळ्यांपुढे आणा. अँटीव्हायरस, प्रिंटरचं सॉफ्टवेअर, वनड्राइव्ह, अपडेट, आणि त्यात एज. गड्डा यात्रेत एकाच पाळण्यापुढे सगळं गाव उभं राहावं तशी सगळ्यांची रांग त्या एका डोक्यापुढे लागते. डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे. अशा वेळी एज आधी चढवून ठेवणं म्हणजे ज्या टॅलीची खरी गरज आहे तिला रांगेत मागे ढकलणं.

म्हणून माझा हिशेब असा. ४ जीबी आणि हार्ड डिस्क असेल आणि मुख्य काम टॅलीचं किंवा बिलिंगचं असेल, तर बंद करा. ८ जीबी आणि एसएसडी असेल तर चालू ठेवलं तरी बिघडत नाही, आणि बंद केलं तरी उघडण्याच्या वेळेत डोळ्यांना जाणवण्यासारखा फरक फारसा उरत नाही. पण मशीन जुनं असूनही दिवसभर फक्त एजमध्येच काम असेल, जसं जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत ई-सेवा केंद्राच्या काउंटरवर, तर तिथं चालूच राहू द्या. नाहीतरी सकाळी तोच उघडायचा आहे.

रॅम किती वाचली हे दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरवू नका, स्वतः मोजा. मशीन रीस्टार्ट करा, हात न लावता पाच मिनिटं थांबा, परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीखाली 'इन यूज'चा आकडा लिहून घ्या. बूस्ट बंद करा, परत रीस्टार्ट, परत पाच मिनिटं, परत आकडा. दोन्ही बाजूंनी तीन-तीन वेळा. एकदाच मोजलं आणि त्या वेळी मागे विंडोज अपडेट चालू असेल तर आकडा फसवा येतो.

आणि 'कॅश्ड' नावाचा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. विंडोजची सिसमेन नावाची सेवा, व्हिस्टापासून जिला सुपरफेच म्हणत, तुम्ही रोज काय उघडता ते बघून त्या फाइली मोकळ्या रॅममध्ये आणून ठेवते. ती जागा कुणी मागितली की लगेच सोडली जाते. मागे चालू असलेला ब्राउझर तसा नाही. ती जिवंत प्रोसेस आहे, तिची जागा 'इन यूज'मध्ये धरली जाते.

जोडभावी_पेठ
सोमवार, सायंकाळी ६:५०

@भुईकोट, हा खुलासा फार कामाचा. सिसमेन बंद करा असा सल्ला सर्रास दिला जातो, त्याबद्दल?

भुईकोट
सोमवार, सायंकाळी ७:०५

आधी एजचं बटण, मग बाकी स्टार्टअप प्रोग्रॅम, मग थांबून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बंद केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. सिसमेनला हात लावायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

बाळीवेस
मंगळवार, सकाळी ९:३०

वेगाची चर्चा चांगली झाली, पण सामायिक मशीनवर याहून मोठा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. ई-सेवा केंद्र आणि सायबर कॅफेवाल्यांनी हे जरूर वाचा.

जोडभावी अण्णांनी दोन बटणं सांगितली. लोक दोन्ही एकच समजतात. फरक असा:

स्टार्टअप बूस्टमध्ये शेवटची खिडकी बंद केली की ब्राउझर खरोखर बंद होतो, आणि मग नव्याने, रिकामा, मागे सुरू होतो. जुनं सत्र तिथं संपतं.

बॅकग्राउंड मोडमध्ये तसं नाही. खिडकी गेली तरी ब्राउझर बंदच होत नाही. चालू सत्र आणि त्यातल्या सेशन कुकीजही जिवंत राहतात. सेशन कुकी म्हणजे ब्राउझर बंद होताच पुसली जाईल या भरवशावर साइटने दिलेला तात्पुरता पास. एखाद्याने डिजिलॉकर किंवा आपले सरकारमध्ये लॉगिन केलं, काम झालं, लॉगआउट न करता फुलीवर क्लिक करून उठून गेला. त्याला वाटलं बंद झालं. बॅकग्राउंड मोडमुळे ब्राउझर मागे चालूच असेल तर पास अजून तसाच आहे. साइटने तिच्या बाजूने वेळ संपवेपर्यंत पुढच्या माणसाने तीच साइट उघडली तर आधीच्याचं खातं उघडू शकतं.

तेव्हा गिऱ्हाईक बसतं त्या मशीनवर बॅकग्राउंड मोड बंद, तोही पॉलिसीने, म्हणजे कुणी परत चालू करू शकणार नाही. स्टार्टअप बूस्ट तुमच्या सोयीने ठेवा. त्याबरोबर 'ओपन टॅब्स फ्रॉम द प्रीव्हियस सेशन' (क्रोममध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ') हा सुरुवातीचा पर्यायही बंद हवा, कारण तो चालू असेल तर मागचे टॅब परत येतात आणि सेशन कुकीजही येऊ शकतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे गिऱ्हाइकाला गेस्ट खिडकी उघडून द्या: वर प्रोफाइलचं चिन्ह, त्यात गेस्ट. सगळ्या गेस्ट खिडक्या बंद केल्या की इतिहास, कुकीज, लॉगिन मागे राहत नाही. उतरवलेल्या फाइली मात्र राहतात, त्या पुसा. इनप्रायव्हेट वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: सगळ्या इनप्रायव्हेट खिडक्यांचं सत्र एकच असतं. दोन उघड्या असतील आणि एकच बंद केली तर लॉगिन दुसरीत शिल्लक असतं.

बॅकग्राउंड मोडमध्ये काही चालू असेल तर घड्याळाजवळ चिन्ह दिसतं, तिथूनही बाहेर पडता येतं. पण ते चिन्ह बाणाखाली लपलेलं असतं, म्हणून नजरेत येत नाही.

जुळे_सोलापूर
मंगळवार, सकाळी १०:१०

ताई, क्रोमचं काय? आमच्या टायपिंग क्लासला सगळीकडे क्रोमच आहे.

बाळीवेस
मंगळवार, सकाळी १०:४५

क्रोमच्या सेटिंगमध्ये स्टार्टअप बूस्ट नावाचं बटण नाही. तिथं बॅकग्राउंड मोड आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, पहिलंच बटण: क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अॅप चालू ठेवा. हे बटण चालू असलं तरी क्रोम मागे राहतोच असं नाही. मागे चालायची परवानगी असलेलं एखादं एक्स्टेंशन किंवा अॅप बसवलेलं असेल तेव्हाच राहतो, आणि लॉगिनच्या वेळी खिडकीशिवाय सुरू व्हायची नोंदही करतो. त्यामुळे शेजारच्या दोन मशीनवर सेटिंग सारखं असूनही एकावर क्रोम मागे दिसतो, दुसऱ्यावर नाही. फरक एक्स्टेंशनचा असतो. आधी एक्स्टेंशनची यादी साफ करा, निम्म्या वेळा तिथंच उत्तर सापडतं.

पॉलिसी हवी असेल तर सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या कीमध्ये तीच बॅकग्राउंड मोडची व्हॅल्यू, आकडा ०. तपासायला क्रोम://पॉलिसी.

फायरफॉक्समध्ये विंडोजवर 'कॉम्प्युटर सुरू होताच फायरफॉक्स उघडा' अशी टिक सेटिंग्जच्या जनरल भागात असते. ती लपून चढवत नाही, सरळ फायरफॉक्स सुरू करते. नको असेल तर काढा, विषय संपला.

टेरी_टॉवेल
मंगळवार, दुपारी १:१५

सगळं केलं. पॉलिसी पानावर दोन्ही 'फॉल्स', 'ओके'. तरी डिटेल्समध्ये एजसारख्या नावाच्या प्रोसेस आहेतच की ओ. विंडोज ११ आहे, ८ जीबी.

सात_रस्ता
मंगळवार, दुपारी १:३२

नाव नीट वाचा मालक. शेवटी 'वेबव्ह्यू२' आहे का?

टेरी_टॉवेल
मंगळवार, दुपारी १:४०

होय, वेबव्ह्यू२ आहे.

सात_रस्ता
मंगळवार, दुपारी २:०५

मग तो ब्राउझर नाही. वेबव्ह्यू२ म्हणजे एजचं इंजिन दुसऱ्या प्रोग्रॅमने आपल्या खिडकीत वापरायला घेतलेलं. विंडोज ११ चे विजेट्स, टीम्स, नवा आउटलुक, अशा बऱ्याच जणांना ते लागतं. स्टार्टअप बूस्टचा त्याच्याशी संबंध नाही.

कुणी उघडलं ते शोधायचं तर टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस टॅबमध्ये वेबव्ह्यू ज्या नावाखाली दिसतो ते बघा, किंवा मघाचा कमांड लाइन कॉलम वाचा, त्यात मालक प्रोग्रॅमचं नाव सापडतं. विजेट्स असतील तर टास्कबारच्या सेटिंगमध्ये विजेट्सचं बटण बंद करा. टीम्स असेल तर टीम्सच्या सेटिंगमध्ये आपोआप सुरू होणं बंद करा. वेबव्ह्यूच अनइन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका, त्यावर बसलेले प्रोग्रॅम उघडणं बंद होतं.

एजच्या अपडेट सेवा आणि टास्क शेड्यूलरमधली एज अपडेटची दोन कामं तर अजिबात बंद करू नका. 'मागे चालतंय म्हणून' काही जण तीही मारून टाकतात. तीच सेवा सुरक्षेची दुरुस्ती आणते. बँकिंग आणि जीएसटी ज्या मशीनवर होतं तिथं ब्राउझर जुना राहणं हा थोडी रॅम वाचवण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

विजापूर_रोड
मंगळवार, रात्री ८:३०

थोडा वेगळा प्रकार. इथं रीस्टार्ट केल्यावर ब्राउझर लपून नाही, कालच्या सगळ्या टॅबसकट समोर उघडतो. बूस्ट बंद आहे.

भुईकोट
मंगळवार, रात्री ९:००

ते विंडोजचं काम. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स. खाली 'रीस्टार्टेबल अॅप' आपोआप जतन करून पुन्हा साइन-इन केल्यावर उघडण्याचं बटण आहे. बंद करा. एज, क्रोम, फायरफॉक्स तिन्ही त्यात येतात.

जुळे_सोलापूर
बुधवार, सकाळी ११:२०

क्रोममध्ये परफॉर्मन्सखाली 'प्रीलोड पेजेस' सापडलं. हेच का ते?

बाळीवेस
बुधवार, सकाळी ११:४५

नाही, आणि नावामुळे हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. ते ब्राउझर आधी चढवण्याचं नाही, पानं आधी आणण्याचं बटण आहे. ब्राउझर उघडा असताना तुम्ही पुढे कुठल्या दुव्यावर जाल याचा अंदाज बांधून ते पान आधीच उतरवून ठेवतो. त्याचा संबंध रॅमपेक्षा नेटच्या डेटाशी जास्त. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर बंद करावं. एजमध्येही आहे, सेटिंग्जमध्ये इंग्रजीत 'प्रीलोड' शोधा. दोन्हींच्या पॉलिसीचं नाव एकच: नेटवर्क, प्रेडिक्शन, ऑप्शन्स, तिन्ही शब्द जोडून. आकडा २ म्हणजे कधीच नाही. इथं ० लिहू नका. बाकी ठिकाणी ० म्हणजे बंद, पण इथं ० म्हणजे नेहमी चालू.

सात_रस्ता
बुधवार, दुपारी १२:००

शेवटचं वाक्य सोन्यासारखं. सवयीने ० लिहून उलटा परिणाम झालेला असतो.

नाव सारखं असलेलं आणखी एक: मायक्रोसॉफ्ट ऑफिसनेही २०२५ पासून स्टार्टअप बूस्ट आणलं आहे, वर्डसाठी. ते टास्क शेड्यूलरमधून चालतं आणि त्याला किमान ८ जीबी रॅम आणि ५ जीबी मोकळी डिस्क लागते, म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर तो प्रश्नच नाही. शेड्यूलरमधलं काम बंद केलं तरी ऑफिसच्या अपडेटनंतर ते परत येऊ शकतं.

जुळे_सोलापूर
बुधवार, दुपारी ४:१०

क्लासमध्ये २० मशीनं आहेत. एजही सगळीकडे आहेच. प्रत्येकावर बसून रजिस्ट्री लिहायची का?

सात_रस्ता
बुधवार, दुपारी ४:५०

गरज नाही. एका मशीनवर नीट करा, पॉलिसी पानावर 'ओके' बघा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये डावीकडच्या 'एज' कीवर राइट क्लिक, एक्स्पोर्ट. खाली 'सिलेक्टेड ब्रँच'च निवडलेली असू द्या, 'ऑल' नको, नाहीतर त्या मशीनची सगळी रजिस्ट्री दुसऱ्यावर ओतली जाईल. तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा वाचा. कीचं नाव आणि तुमच्या दोन ओळी, एवढंच हवं. पेन ड्राइव्हवर घ्या, प्रत्येक मशीनवर अॅडमिनने डबल क्लिक, होकार, एज रीस्टार्ट.

तीन गोष्टी आधीच सांगून ठेवतो:

पॉलिसी लागली की एजच्या मेनूत 'ब्राउझर संस्थेकडून व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ येते आणि बटण राखाडी होऊन कुलूप दिसतं. विद्यार्थी घाबरतात. तो हॅकिंगचा प्रकार नाही, पॉलिसी लागल्याची खूण आहे.

परत जुन्या स्थितीला न्यायचं तर आकडा १ करू नका, व्हॅल्यू पुसा. १ म्हणजे सक्तीने चालू. पुसली तरच निवड वापरणाऱ्याच्या हातात येते. सक्ती नकोच असेल, फक्त सुरुवातीची निवड बंद ठेवायची असेल, तर 'एज' कीखाली 'रेकमेंडेड' नावाची की बनवून व्हॅल्यू तिथं ठेवा. मग विद्यार्थी हवं तर बदलू शकतो.

आणि एजचं प्रोफाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करत असाल तर आधी डिटेल्स टॅबमध्ये एजची एकही प्रोसेस नाही ना ते बघा. मागे चालू असलेला एज स्वतःच्या फाइली धरून ठेवतो. कॉपी मध्येच अडते, किंवा अडत नाही पण अर्धवट उतरते, ते जास्त वाईट.

अशोक_चौक
बुधवार, सायंकाळी ६:३०

डिजिटल सहीचं काय? मागचं सगळं बंद करून जीएसटीला सही होईना असं व्हायला नको.

बाळीवेस
बुधवार, सायंकाळी ७:००

जीएसटीच्या साइटवर सही करणारा एमसायनर हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. ब्राउझर त्याच्याशी बोलतो, पण तो ब्राउझरचा भाग नाही. स्टार्टअप बूस्ट किंवा बॅकग्राउंड मोड बंद केल्याने सही अडत नाही. स्टार्टअप टॅबमध्ये साफसफाई करताना मात्र एमसायनर आणि टोकनचं (सहीच्या यूएसबीचं) सॉफ्टवेअर चुकून डिसेबल करू नका. सही न होण्याचं खरं कारण बहुधा तिथं सापडतं.

जुळे_सोलापूर
गुरुवार, दुपारी १२:१५

१९ मशीनवर 'ओके' आलं. ७ नंबरच्या मशीनवर एज://पॉलिसी पूर्ण रिकामं आहे. फाइल तीच, होकारही दिला.

सात_रस्ता
गुरुवार, दुपारी १२:४०

डबल क्लिकनंतर 'यशस्वी' असा संदेश आला होता का? आला असेल तर एज पूर्ण बंद झालेला नसेल. डिटेल्स टॅबमध्ये एज शिल्लक असेल तर तो जुनीच माहिती धरून बसलाय. त्याच पॉलिसी पानावर वर 'रीलोड पॉलिसीज' बटण आहे, ते दाबा. तरी रिकामं असेल तर रजिस्ट्रीत जाऊन बघा, 'एज' की कुठं उतरली ते.

जुळे_सोलापूर
गुरुवार, दुपारी १:०५

रीलोड केल्यावर दोन्ही आल्या. 'फॉल्स', 'ओके'. मग एज://रीस्टार्ट केलं, खिडकी बंद केली, आता डिटेल्समध्ये एज एकही नाही.